फेलोशिपला निघण्याआधी : सोलापूरच्या नवख्या नेत्रतज्ज्ञांसाठी

एमएसचा किंवा डीएनबीचा (नेत्रशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाचा) निकाल लागला की पंधरा दिवसांत दोन-तीन फोन येतातच. "मॅडम, फेलोशिपचं जरा विचारायचं होतं." (फेलोशिप म्हणजे त्यानंतर एखाद्या संस्थेत घ्यायचं एकाच शाखेचं प्रशिक्षण, आणि घेणारा तो फेलो.) मग संध्याकाळची ओपीडी आटोपल्यावर मुलं-मुली येऊन बसतात, चहा होतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. "केसेस किती मिळतात?"

प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा कुणी विचारत नाही : त्या केसची दुसऱ्या दिवशी पट्टी कोण काढतं? काही ठिकाणी फेलो दिवसाला रांगेने ऑपरेशनं करतो आणि तो पेशंट त्याला पुन्हा कधी दिसत नाही. काही ठिकाणी ज्याची केस, त्यानेच सकाळी पट्टी काढायची, त्यानेच दिवा लावून बघायचं, त्यानेच नातेवाइकांशी बोलायचं. (नुसते थेंब टाकून केलेल्या टॉपिकल फेकोत, म्हणजे मशीनने मोतीबिंदू फोडून काढण्याच्या ऑपरेशनात, आता पट्टी नसतेच, पण बोलण्यात ती राहिली आहे.) पहिल्या ठिकाणी आकडा मोठा होतो. दुसऱ्या ठिकाणी आपण काल नेमकं काय केलं ते कळतं. मी पडद्याची, म्हणजे रेटिनाची फेलोशिप केली, तीही सोलापूरबाहेर दक्षिणेत. त्यामुळे खालचं सगळं थोडं पडद्याच्या बाजूने झुकलेलं आहे, ते गृहीत धरून वाचा.

आधी शाखा, मग संस्था

बहुतेक जण उलटं करतात. मोठं नाव आधी ठरवतात आणि तिथे जी जागा मिळेल ती शाखा घेतात. असं घेतलेलं लग्न टिकतंही, नाही असं नाही.

ढोबळमानाने रस्ते असे : रेटिना, कॉर्निया (डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच), ग्लॉकोमा (काचबिंदू), लहान मुलांचे डोळे व तिरळेपणा, ऑक्युलोप्लास्टी (पापण्या आणि डोळ्याभोवतालच्या शस्त्रक्रिया), आणि अँटीरिअर सेगमेंट म्हणजे मुख्यतः मोतीबिंदू. रेटिना-कॉर्नियाच्या दीर्घ फेलोशिप दीड-दोन वर्षांच्या असतात. फक्त फेकोचा हात बसवायचा असेल तर काही महिन्यांचे छोटे कोर्स असतात, त्यातले बरेच पैसे भरून करायचे. निव्वळ फेकोसाठी दोन वर्षं घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. परत सोलापुरात यायचं असेल तर तुमच्या एमएसच्या ओपीडीत रोज काय येत होतं ते आठवून शाखा ठरवा.

आपल्याकडे ऊस आहे. तोडणीच्या हंगामात उसाचं पातं डोळ्याला लागून आलेले मजूर सगळ्यांनी पाहिले आहेत. आधी गावातल्या मेडिकलमधून स्टेरॉइडचा ड्रॉप, मग आठ दिवसांनी बुबुळावर पांढरा डाग. केओएच स्मीअर (डाग खरवडून मायक्रोस्कोपखाली तपासणं) करावा तर बुरशी. बुरशीवरचं नॅटामायसिन सुरू करून महिना-महिना थांबायचं, आणि शेवटी घरचे विचारतात, "डोळ्यात फूल पडलंय, ते काढता येईल का?" हे कॉर्नियावाल्याचं काम. मधुमेहाने पडदा खराब झालेले तर रोज येतात, आणि सोलापूरचेच नाही, विजयपूर, कलबुर्गी, धाराशिवकडूनही. शहरात नवजात अतिदक्षता विभाग वाढले, तशी अपुऱ्या दिवसांची बाळंही वाचू लागली. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचा पडदा (तो पूर्ण तयार झालेला नसतो) जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासायला हवा, फारच लहान बाळांचा त्याहूनही आधी. तपासणारे हात मात्र अजून मोजकेच आहेत.

आणि एक गट फेलोशिपमध्ये कुणी शिकवत नाही : यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणारे आणि विड्या वळणाऱ्या बायका. त्यांचं सगळं आयुष्य हातभर अंतरावर चालतं. मोतीबिंदूनंतर "लांबचं सहा बाय सहा झालं" म्हणून आपण खूश होतो आणि बाई म्हणते, "पान दिसत नाही, डॉक्टर." तिला जवळचा चष्मा वेळेवर मिळाला नाही तर तिच्यापुरतं ते ऑपरेशन फसलंच.

संस्था बघताना काय विचारायचं

नावं तुम्हाला पाठ आहेत. मदुरैचं अरविंद (१९७६), चेन्नईचं शंकर नेत्रालय (१९७८), हैदराबादची एल. व्ही. प्रसाद (१९८७), दिल्लीत एम्सचं आर. पी. सेंटर. याशिवाय राष्ट्रीय बोर्डाची एफएनबी आहे, रेटिनासाठी ती दोन वर्षांची, प्रवेश परीक्षेतून. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या फेलोशिपही आहेत. पुण्या-मुंबईच्या ट्रस्ट हॉस्पिटलांतही चांगलं शिकवतात, आणि तिथून शनिवारी रात्री घरी येता येतं. ही गोष्ट तेव्हा क्षुल्लक वाटते, पण सहाव्या महिन्यात वाटत नाही.

माहितीपत्रक वाचून काहीही कळत नाही. चालू बॅचच्या फेलोला विचाराल तर तो घाबरत बोलेल, किंवा नुकताच रुजू झाल्यामुळे हवेत असेल. सहा महिन्यांपूर्वी बाहेर पडलेला गाठा. त्याचा राग ओसरलेला असतो आणि आठवण ताजी असते. त्याला हे विचारा :

- पहिली पूर्ण केस कितव्या महिन्यात मिळाली? "पूर्ण" म्हणजे ड्रेपपासून (निर्जंतुक कापड अंथरण्यापासून) शेवटपर्यंत, मध्ये कुणी खुर्ची न घेता.
- केस बिघडली तर कन्सल्टंट त्याच ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) असतो की फोनवर?
- शेवटच्या सहा महिन्यांत काय केलंस? (पहिले सहा सगळीकडे सारखेच असतात.)
- कॅम्प आणि व्हिजन सेंटरची (गावातल्या छोट्या तपासणी केंद्राची) ड्यूटी किती आठवडे?
- बाँड आहे का, मध्येच सोडलं तर दंड किती, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात का?
- ऑपरेशनांचे व्हिडिओ स्वतःचे स्वतःला मिळतात का?

यातला चौथा प्रश्न मी विचारला नव्हता. परिणामी पहिल्या वर्षातले जवळपास पाच महिने मी शाळांच्या व्हरांड्यात टॉर्च घेऊन रांगा तपासल्या. मुलाखतीत याबद्दल एक अक्षर निघालं नव्हतं. तेव्हा खूप चिडले होते. आता निम्मीच चिडते, कारण दिवसाला दोनशे डोळे बघून जी नजर तयार झाली ती झालीच. पण ते आधी सांगायला हवं होतं, हे माझं म्हणणं आजही कायम आहे.

अर्ज आणि मुलाखत

यावर फार लिहिण्यासारखं नाही. मोठ्या संस्था वर्षातून एक-दोनदा प्रवेश घेतात, तारखा त्यांच्या संकेतस्थळावर बघत राहायच्या. सरकारी कॉलेजातून एमएस झालेल्यांनी बाँडच्या (सक्तीच्या सरकारी सेवेच्या) वर्षाचा हिशेब आधीच मांडावा. आणि ते वर्ष वाया गेलं असं समजू नका, एसआयसीएसचा (फेको मशीनशिवाय छोट्या छेदातून मोतीबिंदू काढण्याचा) हात बहुतेकांचा तिथेच बसतो. दुसऱ्या राज्यात जायचं तर तिथल्या मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं काम निवड झाल्या दिवशीच सुरू करा. नोंदणीवाचून ओटीत उभंसुद्धा राहू देत नाहीत आणि कागद हलायला वेळ लागतो.

मुलाखतीत "सोलापूर" म्हटलं की समोरचे "चादर" म्हणतात, फार तर एखादा डॉ. कोटणीसांचं नाव घेतो. हसून पुढे जायचं. खरा प्रश्न नंतर येतो : "तुमची शेवटची बिघडलेली केस सांगा." इथे "तशी कधी बिघडली नाही" म्हणालात तर संपलं. समोर बसलेल्याने हजारो डोळे केलेले असतात, त्याला माहीत असतं की एकतर तुम्ही खोटं बोलताय किंवा तुम्ही केसच केल्या नाहीत.

निघण्याआधीचे तीन महिने

हे महिने लग्नांना हजेरी लावण्यात जातात. त्यातले रोजचे दोन तास काढा.

पहिलं, बोकडाचे डोळे. खाटकाकडे सकाळी लवकर सांगून ठेवलं तर तो बाजूला काढून ठेवतो, त्याला एकदा कारण समजावून सांगावं लागतं इतकंच. ताजे हवेत, दुपारपर्यंत बुबुळ धुरकट होतं. त्यावर टनेल (डोळ्यात शिरायचा तिरका छेद) करा, १०-० नायलॉनचे (अगदी बारीक धाग्याचे) टाके घाला, काढा, पुन्हा घाला. रेक्सिसचं, म्हणजे लेन्सच्या पिशवीत (कॅप्सूलमध्ये) पुढून गोल भोक पाडण्याचं, मात्र लक्षात ठेवा : जनावराची कॅप्सूल माणसाच्या म्हाताऱ्या कॅप्सूलपेक्षा लवचीक असते, फाडताना चीर भलतीकडे पळते. तिथे जमलं नाही म्हणून हिरमुसू नका. रेक्सिसचा हात बसवायला द्राक्षाची सालही चालते, आणि सोलापूर जिल्ह्यात द्राक्षांना काय तोटा? मायक्रोस्कोपखाली द्राक्ष ठेवायचं, सुईने सालीला टोचून पापुद्रा उलटवायचा आणि फोरसेप्सने (बारीक चिमट्याने) पाच-साडेपाच मिलिमीटरचा गोल फिरवून काढायचा. बसवायच्या लेन्सचं ऑप्टिक (मधला गोल भाग) सहा मिलिमीटरचं असतं, त्याची कड सगळीकडून झाकली पाहिजे, म्हणून गोल तेवढाच. चुकलेली द्राक्षं खाऊ नका, घरचे ओरडतात.

दुसरं, डावा हात. रोज डाव्या हाताने दात घासा, भाकरी मोडा. हसण्यावारी नेऊ नका. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये एका हातात दिवा आणि दुसऱ्या हातात कटर असतो, आणि डोळ्याच्या अर्ध्या भागात हात बदलावेच लागतात.

तिसरं, रेटिनाला जाणाऱ्यांनी इंडायरेक्ट, म्हणजे डोक्यावरच्या दिव्याने आणि हातातल्या लेन्सने पडदा बघणं. वीस पॉवरच्या लेन्समधून दिसणारं चित्र उलटं असतं, म्हणून कागदही पेशंटच्या छातीवर उलटा धरायचा, बारा वाजताची खूण त्याच्या पायाकडे. मग जे जिथे दिसतं ते तिथेच काढायचं. सुटलेला पडदा निळा, चिकटलेला लाल, भोक लाल आणि त्याला निळी कड, व्हिट्रिअसमधलं (डोळ्यात भरलेल्या पारदर्शक गरातलं) काही असेल तर हिरवं. मी नवी पेठेतून शाळकरी रंगपेन्सिलींची पेटी घेऊन गेले होते. वरिष्ठ फेलो हसले. दोन आठवड्यांनी त्याच पेटीतून मागून नेत होते.

स्वतःचे डोळेही एकदा तपासून घ्या. अर्ध्या नंबरचा अॅस्टिग्मॅटिझम अंगावर काढणारे नेत्रतज्ज्ञ मी पाहिले आहेत.

पहिले सहा आठवडे : तुम्ही कुणीही नाही

एमएसच्या तिसऱ्या वर्षाला तुम्ही वॉर्डचे राजे होता. नव्या जागी तुम्हाला गाऊन कुठे ठेवतात हेही माहीत नसतं. ओटीतली सिस्टर तुमच्यापेक्षा जास्त जाणते, आणि ते तिला ठाऊक असतं. तिच्याशी पहिल्या दिवशी वाकडं घेणारे फेलो मी पाहिले, त्यांची केस नेहमी यादीत शेवटची लागायची.

दिवस साधारण असा जातो. सकाळी सातच्या आत वॉर्ड. कालच्या केसेस बघून, लिहून, कन्सल्टंट येण्याआधी तयार. मग ओपीडी किंवा ओटी, एक दिवसाआड. ओपीडीत डायलेट केलेले (थेंब टाकून बाहुली मोठी केलेले) पेशंट बाकांवर बसलेले असतात आणि ती रांग दुपारी तीनलाही तेवढीच दिसते. संध्याकाळी लेसर, उद्याच्या यादीचं वर्कअप, आठवड्यातून दोन-तीनदा क्लास किंवा जर्नल. रात्री ड्यूटी असेल तर डोळ्याला मार लागलेले. जेवण मिळेल तेव्हा. घरून पाठवलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन महिने टिकते, हे सोलापूरकरांचं सर्वांत मोठं शैक्षणिक भांडवल आहे. ती खोलीत न ठेवता ड्यूटीरूममध्ये ठेवा, ओळखी लवकर होतात.

भाषेची भीती बाळगू नका. खरं तर इथे आपण पुढे असतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू आजी आणि अक्कलकोटकडचे कन्नड शेतकरी तपासून झालेले असतात. "पैकि चूडंडि, किंदकि चूडंडि" एवढ्यावर हैदराबादेत पहिला आठवडा निघतो. तमिळमध्ये "मेले पारुंगो, कीळे पारुंगो". कन्नडमध्येही वर बघा म्हणजे "मेले नोडि". माझ्याबरोबरच्या एका कन्नड फेलोने मोहोळकडून आलेल्या आजींना सवयीने "मेले, मेले" म्हणून सांगितलं, तर आजी टेबलावर उठूनच बसल्या. "कोण मेलं रे बाबा?"

या सहा आठवड्यांत ऑपरेशन मिळत नाही. ब्लॉक (डोळा बधिर करणारं इंजेक्शन) द्या, ड्रेप करा, असिस्ट करा. नुसतं बघत उभं राहण्याचा कंटाळा येतो, म्हणून एक काम करा : एकाच सर्जनची एकच गोष्ट आठवडाभर बघा. फक्त त्याचे पाय बघा. डावा पाय मायक्रोस्कोपच्या पॅडलवर, उजवा मशीनच्या. चांगल्या सर्जनचं फोकस-झूम केव्हा बदलतं आणि उजवा पाय केव्हा उचलला जातो, हे कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. नवख्याचा हात सहसा बरा असतो, घोटाळा पायात असतो.

हात लागतो तो असा

केस एकदम हातात येत नाही, तुकड्यातुकड्याने येते, आणि बहुतेक ठिकाणी शेवटाकडून. सिनिअर मोतीबिंदू काढून देतो, तुम्ही लेन्स बसवायची. ते जमलं की कॉर्टेक्स (मोतीबिंदूचा बाहेरचा मऊ थर) ओढायचा. मग हायड्रो (पाणी सोडून मोतीबिंदू सुटा करणं), मग रेक्सिस, न्यूक्लियस (मधला कठीण गाभा) सर्वांत शेवटी. व्हिट्रेक्टॉमीतही (व्हिट्रिअस कापून काढण्याच्या ऑपरेशनातही) तसंच : आधी पोर्ट (आत शिरायच्या बारीक नळ्या) घालणं-काढणं, मग मधलं व्हिट्रिअस साफ करणं, मग कडेचं. पडद्यावरचा पापुद्रा सोलायला मिळेपर्यंत पहिलं वर्ष सरलेलं असतं.

आणि केस काढून घेतली जाते. मागून एक शब्द येतो, "सरका." तुम्ही खुर्चीतून उठता, सिनिअर बसतो, दोन मिनिटांत संपवतो. पहिल्यांदा होतं तेव्हा कान तापतात. माझ्याकडून एका आठवड्यात चार केसेस काढून घेतल्या होत्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि बाहेर आले तर आमचा वरिष्ठ फेलो हात धुत उभा होता. तो म्हणाला, "तुझ्याकडून काढून घेतात म्हणजे बघतायत. माझ्याकडे महिनाभर कुणी बघितलंच नव्हतं." तेव्हा ते बरं वाटावं म्हणून बोललेलं वाटलं. आता मी स्वतः शिकवते, आणि ज्याच्याकडून मी केस काढून घेत नाही, त्याला मी एकतर पूर्ण सोडलेलं असतं किंवा त्याच्याकडे माझं लक्ष नसतं. दुसरं जास्त वाईट.

केस काढून घेतल्या दिवशी रात्री व्हिडिओ बघा. नेमकं कुठलं सेकंद, ते लिहून ठेवा. नव्वद टक्के वेळा चूक ज्या पायरीवर दिसली त्याच्या आधीच्या पायरीत झालेली असते : रेक्सिस फाटला कारण व्हिस्को (डोळ्यात जागा राखणारी जेल) कमी होतं, आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत भाग) बाहेर आला कारण टनेल आखूड झाला. (हे नव्वद टक्के माझ्या वहीतले, शास्त्रातले नव्हेत.)

हात थरथरतो म्हणून धास्तावलेले बरेच भेटतात. अरविंदचे संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांची बोटं ऐन उमेदीत संधिवाताने वाकडी झाली होती. त्यांनी त्याच बोटांनी शस्त्रक्रिया शिकून घेतली आणि निवृत्तीच्या वयात, ५८व्या वर्षी, ११ खाटांचं हॉस्पिटल काढलं. तेव्हा थरथरीचं कौतुक पुरे. मनगट टेकवा, सकाळचा दुसरा चहा ओटीनंतर घ्या, आणि आदल्या रात्री झोपा.

केस बिघडते तेव्हा

लेन्सची मागची कॅप्सूल मध्यभागी साधारण ४ मायक्रॉन जाड असते. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले चार. ती कधीतरी फाटणार. त्या क्षणी काय करायचं याची तालीम आधीच व्हायला हवी, कारण तेव्हा डोकं चालत नाही.

सगळ्यांचा पहिला झटका एकच : घाबरून प्रोब (फेको मशीनचं डोळ्यात घातलेलं टोक) बाहेर ओढणं. तेच करायचं नाही. प्रोब ओढला की चेंबर (डोळ्याची पुढची पोकळी) कोसळतं, व्हिट्रिअस पुढे येतं, छोटं भोक मोठं होतं. पाय थांबवा, हात जागेवर ठेवा, दुसऱ्या हाताने साइड पोर्टमधून (बाजूच्या छोट्या छेदातून) व्हिस्को भरा, मग प्रोब काढा. तोंडाने "सर" म्हणा. मोठ्याने. हळू आवाजात म्हटलेलं "सर" मास्कमध्येच राहतं. न्यूक्लियसचा तुकडा मागे चाललाय असं दिसलं तर त्याच्या मागे लागू नका. तो खाली गेला तर रेटिनावाला आणेल, पण तुम्ही आत हात घातलात तर पडदाही फाटेल. पुढे आलेलं व्हिट्रिअस ओढायचं नाही, कापायचं. दिसत नसेल तर ट्रायमसिनोलोन टाका, पांढरं होऊन दिसतं.

हे झालं टेबलावरचं. अवघड भाग त्यानंतरचा.

माझी पहिली अशी केस एका सत्तरीच्या आजोबांची. कॅप्सूल फाटली, सिनिअरने सावरलं, लेन्स त्या दिवशी बसवता आली नाही. मी त्यांना टेबलावरून उतरवलं, "आराम करा आजोबा," म्हणाले आणि निघून गेले. रात्रभर झोप नाही. सकाळी वॉर्डात मला त्या खाटेपर्यंत जायला वीस मिनिटं लागली, बाकीच्या सगळ्या खाटा आधी केल्या. आजोबा शांत बसले होते. पट्टी काढली, बुबुळ सुजलेलं, बोटं मोजता येत होती इतकंच. ते म्हणाले, "काल जरा जास्त वेळ लागला ना, पोरी?" त्यांना टेबलावरच कळलं होतं. ब्लॉक दिलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं, हे मी विसरले होते. ओटीतलं आमचं इंग्रजी त्यांना कळलं नसेल, पण आवाज कळला होता.

त्यानंतर मी पाळलेले नियम सांगते. त्याच दिवशी सांगायचं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. कन्सल्टंटने काय शब्द वापरले ते विचारून तेच वापरायचे, नाहीतर घरच्यांना दोन गोष्टी ऐकू येतात आणि तिसरी ते स्वतः तयार करतात. "डोळ्यातली बारीक पिशवी फाटली, त्यामुळे लेन्स आज बसली नाही, ती पुढच्या वेळी बसवू, नजर येईल पण वेळ लागेल," इतकं साधं. ऑपरेशन नोट स्वतःच्या हाताने, जे झालं ते. आणि त्या पेशंटची प्रत्येक तपासणी आपणच करायची, शेवटचा चष्मा देईपर्यंत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळा दुखायला लागला, लाल झाला, नजर कमी झाली तर अर्ध्या रात्री यायला सांगायचं. आत जंतुसंसर्ग झाला असेल तर तिथे तास मोजावे लागतात. म्हणूनच ऑपरेशनाआधी पाच टक्के पोव्हिडोन आयोडीनचा थेंब टाकून तीन मिनिटं थांबतात. यादी लांबली की ही तीन मिनिटं पहिली कापली जातात. तुमच्या केसमध्ये कापू देऊ नका, भले कुणी घड्याळ दाखवो.

अंग, पैसा, घर

मान आणि कंबर दोन वर्षांत बोलायला लागतात. खुर्चीची आणि मायक्रोस्कोपच्या आयपीसची उंची प्रत्येक केसला स्वतःपुरती लावून घ्या, सिनिअरने लावलेल्या उंचीवर वाकून बसू नका. विद्यावेतन संस्थेनुसार खूप वेगळं असतं, विचारून घ्या, आणि आपले वर्गमित्र तोवर क्लिनिक टाकून गाडी घेतात हेही मनाशी धरून जा.

मुलींना वेगळं सांगायचं आहे. मूल आणि फेलोशिप एकाच वेळी जमतं, पण कुणाच्या कृपेवर ठेवू नका. प्रसूती रजेत फेलोशिप पुढे सरकते की रद्द होते, हे रुजू होण्याआधी ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मुलाखतीत लग्नाबद्दल विचारलं तर राग येईल, यायलाच हवा. त्या रागात चांगली जागा सोडायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी नव्हती सोडली.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला, संक्रांतीला घरी यायला मिळेल असं धरू नका. ऑपरेशनांच्या याद्या थंडीतच सर्वांत लांब असतात. माझी पहिली हुकलेली नंदीध्वजांची मिरवणूक त्या वर्षी आईने फोन धरून दाखवली, तेही मी ओटीच्या बाहेर चपला शोधत असताना.

परत आल्यावर

दोन वर्षं तुम्ही अशा मशीनवर काम केलेलं असतं ज्याच्या किमतीत इथे बंगला येतो. परतल्यावर लगेच स्वतःचं व्हिट्रेक्टॉमी युनिट घ्यायचा मोह टाळा. आधी दुसऱ्यांच्या ओटीत व्हिजिटिंग म्हणून जा. पंढरपूर, बार्शी, सांगोला इथले डॉक्टर रेटिना तपासणीसाठी महिन्यातले दोन दिवस आनंदाने देतात. बाळांच्या तपासणीसाठी बालरोगतज्ज्ञांना स्वतःहून भेटा. त्यात पैसा थोडा आणि जबाबदारी फार, पण शहरात नाव त्यातून होतं. जनआरोग्य योजनेची कागदपत्रं कशी भरतात ते मोठ्या संस्थेत असतानाच काउंटरवर बसून शिकून घ्या, फेलोला हे कुणी सांगत नाही.

आणि तिथले सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. पडद्याच्या ऑपरेशनात डोळ्यात गॅस भरलेल्या पेशंटला "आठ दिवस पालथं झोपा" म्हणणं सोपं. एका खोलीत सहा माणसं, बाजूला माग चालू, एप्रिलचं चव्वेचाळीस अंश ऊन, तिथे ती बाई पालथी कशी झोपणार आणि जेवणार कशी? मी आता ऑपरेशनाआधीच घरातल्या एकाला बोलावते आणि उशा कशा रचायच्या ते स्वतः टेबलावर झोपून दाखवते. सुरुवातीला स्टाफ हसायचा. आता तेच दाखवतात.

व्हिडिओंची हार्ड डिस्क, स्वतःचं लॉगबुक आणि तिथल्या ओटी सिस्टरचा फोन नंबर, एवढं घेऊन या. कुठली फोरसेप्स कोण दुरुस्त करून देतं हे तिलाच माहीत असतं.

ज्यांना आणखी काही विचारायचं असेल त्यांनी संध्याकाळी सातनंतर यावं, येताना लॉगबुक आणावं. रविवारी नको, रविवारी मी बार्शीला असते.